उन्हाळ्यात गाभ न धरणारी म्हैस वांझ नव्हे

चैत्र लागला की गावोगावच्या गोठ्यांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते. म्हैस माजावर येत नाही; आली तरी माज दिसत नाही; दिसला आणि रेतन करून घेतले, तरी एकवीस दिवसांनी ती उलटते. दोन-तीन वेळा असे झाले की घरच्या माणसांचा धीर सुटतो. कोणी रेतन करणाऱ्यास बोल लावतो, कोणी रेताच्या कांडीला, तर कोणी नशिबाला. वैशाखात वैरण संपत आलेली असते आणि दूध न देणाऱ्या जनावराला पोसणे जड जाते. अखेर म्हशीवर वांझपणाचा शिक्का बसतो व तिला बाजार दाखविला जातो. पुष्कळदा हीच म्हैस दिवाळीच्या सुमारास दुसऱ्याच्या दावणीला गाभण राहते.

हा व्यवहार तोट्याचा आहे आणि तो बहुतांशी टाळता येण्याजोगा आहे. उन्हाळ्यात रिकामी राहिलेली प्रत्येक म्हैस निर्दोष असते असे नव्हे. गर्भाशयाचा दाह, क्षारांची उणीव, निकृष्ट वैरण ही कारणेही असतात व त्यांची तपासणी झालीच पाहिजे. परंतु जी म्हैस पावसाळा-हिवाळ्यात रीतीने माजावर येते व केवळ उन्हाळ्यात बिघडते, तिचा रोग गर्भाशयात शोधण्यापूर्वी गोठ्याच्या छपरात व पाण्याच्या हौदात शोधावा. अशा जनावराला औषधाआधी गारवा दिला पाहिजे. असे का, हे समजण्यासाठी शरीरातील रक्ताची वाट पाहिली पाहिजे.

रक्ताची वाट

जनावराच्या शरीरात उष्णता अखंड निर्माण होत असते. वैरणीचे पचन, दुधाची निर्मिती, चालणे, या प्रत्येक क्रियेतून ती उत्पन्न होते. ही उष्णता शरीराच्या अंतर्भागातून बाहेर त्वचेकडे नेण्याचे काम रक्त करते. हवा तापली की त्वचेखालील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्ताचा मोठा भाग त्वचेकडे वळतो. मात्र शरीरातील एकूण रक्त ठराविकच असते. पाटाच्या वरच्या अंगाची दारे उघडी टाकली म्हणजे शेपटाकडील शेत जसे कोरडे राहते, तसेच येथे घडते. त्वचेला जास्त रक्त मिळाले की आतील अवयवांचा वाटा घटतो, आणि त्या अवयवांत गर्भाशयही येते.

हे केवळ अनुमान नव्हे. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठातील रोमान-पोन्से, थॅचर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईंच्या गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्ताचे प्रत्यक्ष मापन करून १९७८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाय उष्णतेने त्रस्त झाली असता गर्भाशयाचा रक्तप्रवाह घटतो, असे त्यांना आढळून आले. याच मंडळींनी १९७७ मध्ये साध्या सावलीचा परिणामही दाखवून दिला होता. सावली मिळालेल्या गाईंत गर्भधारणेचे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते, तर उघड्यावरील गाईंत ते सुमारे २५ टक्के भरले.

रक्त अवयवाला अन्न व प्राणवायू पुरविते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते अवयवात साठलेली उष्णताही वाहून नेते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. म्हणून रक्तप्रवाह मंदावला की गर्भाशयाची दुहेरी हानी होते: पोषण घटते आणि तेथील उष्णता निघून जात नाही. ही उष्णता किती घातक ठरते, याचा अंदाज फ्लोरिडातीलच १९७३ च्या एका अभ्यासावरून येतो. रेतनाच्या दिवशी गर्भाशयाचे तापमान सरासरीपेक्षा केवळ अर्धा अंश सेल्सिअस वाढले असता गर्भधारणेचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी घटले. रेतनाच्या दुसऱ्या दिवशी तेवढीच वाढ झाली असता ते सुमारे ७ टक्क्यांनी घटले. हाताला जाणवणारही नाही अशा अर्ध्या अंशाची ही किंमत आहे.

उष्णतेचे दुष्परिणाम केवळ रक्ताच्या वाटेनेच होतात असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. तापलेले जनावर कमी खाते. त्याच्या संप्रेरकांचा मेळ बिघडतो. पक्व होत असलेल्या बीजावर आणि नुकत्याच फलित झालेल्या गर्भावर उष्णतेचा थेट आघात होतो. गाईंवरील १९९३ च्या एका प्रयोगात, रेतनानंतरच्या पहिल्या दिवशी गाय तापली असता गर्भाची वाढ खुंटल्याचे दिसले. तिसऱ्या दिवसापासून पुढे मात्र गर्भ बराच सोशिक झालेला होता. यावरून, रेतनाच्या आगेमागे दोन-तीन दिवस जनावर थंड राखणे किती मोलाचे आहे हे स्पष्ट होते.

म्हशीची अडचण

वरील प्रयोग गाईंवरील आहेत. म्हशीची स्थिती त्याहून नाजूक असते. तिची कातडी काळी व जाड, अंगावर केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फार थोड्या. उन्हात ती झपाट्याने तापते. सावलीत व पाण्यात तितक्याच झपाट्याने निवतेही. डबक्यात डुंबत राहणे हा तिचा आळस किंवा लहर नव्हे. निसर्गाने तिला घाम थोडा दिला, म्हणून ती बाहेरचे पाणी अंगाला लावून घेते. पूर्वी गावोगावी ओढे व तळी असत व म्हैस आपली सोय आपण पाहत असे. आज ती दिवसभर दाव्याला बांधलेली असते आणि वर पत्र्याचे ठेंगणे छप्पर तापत असते. तिची सोय मालकाने पाहिली नाही, तर ती पाहणारे दुसरे कोणी नाही.

उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका होतो. ती ओरडत नाही, दुसऱ्या जनावरावर उडत नाही, सोटही थोडा टाकते. जी लक्षणे दिसतात ती बहुधा रात्री किंवा पहाटे, म्हणजे माणसे झोपेत असताना. म्हणून माज आलाच नाही आणि माज पाहिला नाही, या दोन गोष्टींतील फरक ओळखला पाहिजे. रात्री निजण्यापूर्वी व पहाटे धार काढण्यापूर्वी कंदील किंवा विजेरी घेऊन गोठ्यात एक फेरी मारणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

वळू व रेडा

मादीचा विचार करताना नराला विसरून चालणार नाही. अजूनही अनेक गावांत म्हशींना रेडाच दाखविला जातो, आणि एक तापलेला रेडा साऱ्या गावाच्या म्हशी रिकाम्या ठेवू शकतो.

नराचे वृषण शरीराबाहेर का लोंबतात, याचे उत्तर गारव्यात आहे. शुक्रजंतू तयार होण्यासाठी वृषणाचे तापमान शरीरापेक्षा दोन ते सहा अंश सेल्सिअस कमी असावे लागते. त्यासाठी निसर्गाने केलेली योजना पाहण्यासारखी आहे. वृषणाकडे रक्त नेणारी रोहिणी काही मीटर लांबीची असून ती वीतभरापेक्षा कमी जागेत वेटोळी होऊन बसलेली असते. तिच्याभोवती, वृषणाकडून परत येणारे थंड रक्त वाहणाऱ्या नीलांचे दाट जाळे असते. खाली जाणारे उष्ण रक्त आपली उष्णता वर येणाऱ्या थंड रक्ताला देते व वृषणात पोहोचण्यापूर्वीच निवते. वेट्स व मूल या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मेंढ्यांवर केलेल्या मापनात हे रक्त वाटेतच सुमारे चार अंशांनी थंड होत असल्याचे दिसून आले. शिवाय वृषणकोशाची कातडी उन्हात सैल पडते व थंडीत आकसते, आणि त्यानुसार वृषण शरीरापासून दूर किंवा जवळ येतात.

पुष्कळ वर्षे असा समज होता की, तापलेल्या वृषणाची प्राणवायूची गरज वाढते पण त्या प्रमाणात रक्त वाढत नाही, व प्राणवायूच्या या टंचाईमुळे शुक्रजंतू बिघडतात. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठातील कॅस्टेलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी या समजाला धक्का दिला. हानीचे कारण प्राणवायूची टंचाई नसून प्रत्यक्ष उष्णताच असावी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा बोध सरळ आहे. नराला खुराक वाढवून किंवा टॉनिक पाजून उन्हाची हानी भरून निघणार नाही. त्याला सावलीच दिली पाहिजे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. वळूमध्ये शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे ६१ दिवस लागतात व नंतर ते परिपक्व होण्यास आणखी एक-दोन आठवडे जातात. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या नराचा दोष जून-जुलैपर्यंत रेंगाळतो. पाऊस पडला, हवा गार झाली, रेडा उत्साहाने म्हशीवर उडू लागला, तरी त्याचे वीर्य निकृष्ट असू शकते. उन्हाळ्यात नराची उपेक्षा करून पावसाळ्यात फळाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. उलटपक्षी, वृषणांवर बर्फाचे पाणी ओतणे यांसारखे अघोरी उपायही करू नयेत. निसर्गाची व्यवस्था पुरेशी आहे. तिला लागतो तो सावलीचा व वाऱ्याचा आधार. कृत्रिम रेतनाची सोय असलेल्या गावी हा प्रश्न पुष्कळ अंशी सुटतो, कारण गोठवलेले रेत निवडक नरांचे व तपासलेले असते. मात्र तेथे सारी जबाबदारी मादीच्या गारव्यावर येते.

ओतलेले पाणी आणि उडालेले पाणी

जनावर थंड करावे म्हणताच दुष्काळी भागातील शेतकरी विचारतो की, माणसांना प्यावयास पाणी नाही, ते म्हशीवर कोठून ओतावे? हा प्रश्न रास्त आहे. ज्या गावी टँकरची वाट पाहावी लागते व दोन हंड्यांसाठी घरच्या स्त्रियांना मैलभर चालावे लागते, तेथे म्हशीला रोज तीन वेळा धुण्याचा उपदेश करणे निर्दयपणाचे आहे. परंतु गारवा आणि पाण्याची उधळपट्टी या दोन गोष्टी एक नव्हेत.

एक लिटर पाणी म्हशीच्या अंगावरून नुसते ओघळून गेले व त्या वेळी दहा अंशांनी तापले, तर ते केवळ १० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. तेच एक लिटर पाणी त्वचेवर टिकून वाफेच्या रूपाने उडून गेले, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेते. यावरून असे दिसून येईल की, म्हशीला गारवा देते ते ओतलेले पाणी नव्हे, तर उडालेले पाणी. दहा बादल्या ओतून जमिनीत जिरविण्यापेक्षा अर्धी बादली पाणी ओल्या फडक्याने पाठीवर, मानेवर व कुशींवर पुसून त्यावर वारा लागू द्यावा. इस्राएलमध्ये गाईंसाठी रूढ झालेली पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे: तीस सेकंद भिजविणे, नंतर साडेचार मिनिटे पंख्याचा वारा, आणि हा क्रम अर्धा तास चालू ठेवणे. येथील लहान गोठ्यात यंत्रांवाचूनही हे तत्त्व पाळता येते.

वाऱ्यावाचून पाणी निरुपयोगी ठरते, किंबहुना अपाय करते. चहूबाजूंनी बंद गोठ्यात सारखे पाणी मारले तर हवा दमट होते, वाफ उडत नाही व जनावर अधिकच धापा टाकते. कोकणातील दमट हवेत हा धोका मोठा आहे. तेथे भिंती उतरवून वारा खेळता करणे प्रथम आवश्यक आहे. विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या उन्हात मात्र पाणी झटकन उडते. तेथे वाऱ्याच्या बाजूस ओले गोणपाट टांगणेही गुणकारी ठरते. बर्फासारखे पाणी मुळीच नको. अतिशीत पाण्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात व आतील उष्णता बाहेर येण्याची वाटच बंद होऊ पाहते. विहिरीचे साधे पाणी उत्तम.

पाण्याइतकीच किंमत सावलीची आहे. पत्र्यावर कडब्याचा किंवा पाचटाचा थर अंथरला की तापणे पुष्कळ कमी होते. बांधावरील चिंच, कडुनिंब, करंज यांची सावली कोणत्याही छपरापेक्षा सरस असते, कारण तेथे वारा अडत नाही. आणि बाहेरून गारवा देण्यासाठी पाणी थोडे असले, तरी पिण्याच्या पाण्यात काटकसर कदापि करू नये.

चुकीच्या वेळी केलेले रेतन

उन्हाळ्यातील अपयशाचे आणखी एक कारण आहे व त्याची चर्चा फारशी होत नाही. म्हैस पहाटे माजावर दिसते. घरची कामे उरकून मालक तिला घेऊन निघतो व दोन-तीन मैल डांबरी रस्त्याने चालवीत भर दुपारी दवाखान्यात पोहोचतो. म्हैस धापा टाकीत असते. त्याच अवस्थेत रेतन होते व त्याच उन्हातून ती परत येते. ज्या दिवशी गर्भाशय थंड असावयास हवे, नेमका तोच दिवस सर्वांत तापलेला जातो. येथे रेतन करणाऱ्याचा हात कितीही कुशल असला तरी तो काय करणार?

पहाटे माज दिसला तर सायंकाळी, सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी पहाटे रेतन, हा सर्वमान्य ठोकताळा उन्हाळ्याला तंतोतंत सोयीचा आहे. शक्य तेथे रेतन गोठ्यातच व्हावे. जनावर चालवून आणणे भाग असेल तर आधी अर्धा-एक तास त्याला झाडाखाली उभे करून, पाणी पाजून, अंग पुसून निववावे, आणि परतीचा प्रवास ऊन उतरल्यावर करावा. रेतनाच्या क्षणी एक बादली ओतून भागत नाही. आदला दिवस, तो दिवस व पुढील दोन दिवस मिळून गारव्याचे व्रत पाळावे लागते.

एवढेही साधणार नसेल, तर दुसरा मार्ग प्रामाणिकपणे पत्करावा. ज्याच्याकडे सावली व पाणी दोन्ही अपुरी आहेत, त्याने मे महिन्यात रेतनावर रेतन करीत पैसा व उमेद दवडू नये. म्हैस खंगू देऊ नये, क्षारमिश्रण चालू ठेवावे व पावसानंतरचा माज साधण्याची तयारी करावी. हवा थंड झाल्यावरही उन्हात बिघडलेल्या बीजांचा परिणाम काही आठवडे राहू शकतो, हेही जाणून असावे; पहिल्या माजाला ती उलटली तर हताश होण्याचे कारण नाही. वाट पाहणे म्हणजे आळस नव्हे. भाद्रपद-आश्विनात जी म्हैस गाभण राहू शकते, तिला ज्येष्ठात कवडीमोलाने विकणे हाच खरा तोटा.

भाकड म्हशीचा हक्क

गोठ्यातील सावलीचे वाटप कसे होते, हे पाहिले तर मन खिन्न होते. दुभत्या म्हशीला छपराखालची जागा मिळते आणि आटलेली गाभण म्हैस उकिरड्याजवळच्या खुंट्याला, उन्हात बांधलेली असते. दूध देत नाही, मग तिला काय करावयाचे, असा हिशेब असतो. परंतु आपल्याकडील पुष्कळ म्हशी पावसाळ्यात व त्यानंतर वितात. म्हणजे ऐन उन्हाळ्यात त्यांच्या पोटातील गर्भ झपाट्याने वाढत असतो. ती वाढ वारेतून मिळणाऱ्या रक्तावर अवलंबून असते, आणि ते रक्त जर त्वचेकडे वळले तर उपास गर्भाला घडतो. फ्लोरिडातील १९८२ च्या अभ्यासात, गाभणकाळाच्या अखेरीस सावली न मिळालेल्या गाईंची वासरे सावलीतील गाईंच्या वासरांपेक्षा सुमारे तीन किलोंनी हलकी भरली. दुर्बळ पारडे व कमी दूध या दोन्ही रूपांनी त्या उन्हाचे व्याज पुढील वेतात भरावे लागते. म्हणून गोठ्यातील सावलीवर पहिला हक्क गाभण म्हशीचा मानला पाहिजे.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

या कामी गावपातळीवरील कार्यकर्त्यांची भूमिका महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात म्हैस उलटल्याची तक्रार आली की संप्रेरकांच्या सुईची मागणी प्रथम होते. ती सुई योग्य निदानानंतर, पशुवैद्यकाच्या हातून उपयुक्त ठरते. पण तापलेल्या जनावराला ती देणे म्हणजे चुलीवरचे भांडे न उतरविता आत गार पाण्याचा थेंब टाकण्यासारखे आहे. कार्यकर्त्याने आधी तापमापी काढावी. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान गुदद्वारातील तापमान ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे १०२.५ अंश फॅरनहाइटच्या वर जात असेल व पहाटे ते खाली येत असेल, तर ते उन्हाचे लक्षण समजावे. पहाटेही ते चढलेलेच असेल तर मात्र आजाराचा संशय घेऊन पशुवैद्यकास बोलवावे. एका तापमापीने जितके गैरसमज दूर होतील तितके दहा व्याख्यानांनी होणार नाहीत.

दूध संस्थांनीही या प्रश्नाकडे केवळ सभासदाची खाजगी बाब म्हणून पाहू नये. दवाखान्याच्या किंवा संकलन केंद्राच्या आवारात चार झाडे, एक हौद व जनावर उभे करण्यापुरते वारेशीर छप्पर असणे ही मोठ्या खर्चाची गोष्ट नाही. दूध वाढविण्यासाठी खाद्य व रेत यांवर खर्च होतो, तो योग्यच आहे. परंतु तापलेल्या गर्भाशयात उत्तम जातीचे रेतही वाया जाते. एक माज हुकला की एकवीस दिवसांची वैरण अंगावर पडते, तीन हुकले की त्रेसष्ट दिवसांची. या वैरणीच्या किमतीत गोठ्यावर कडब्याचा थर, गोणपाटे आणि एक तापमापी सहज होऊन जाईल.

येत्या उन्हाळ्यात कोणतीही म्हैस बाजारात नेण्यापूर्वी शेतकरी बंधू-भगिनींनी एवढेच करावे: महिनाभर तिला दाट सावली, पोटभर पाणी व रोज दुपारी ओल्या फडक्याचा गारवा द्यावा, रात्री तिचा माज पाहावा, आणि ऊन टाळून रेतन करून घ्यावे. त्यानंतरही ती रिकामी राहिली तर पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. वांझपणाचा निकाल द्यावयाचा तो त्यानंतर.